पित्ताशय दोनदा

माझं पित्ताशय दोनदा काढलं गेलं. एकदा जानेवारीत आणि एकदा जूनमध्ये. जानेवारीत ते फक्त बोलण्यात काढलं, जूनमध्ये खरोखर. मधल्या पाच महिन्यांत काय झालं ते आज सांगणार आहे.

सांगायला निमित्त असं, की गेल्या महिन्यात मंडळाच्या कार्यक्रमात तिघीजणींनी मला वेगवेगळं गाठून एकच प्रश्न विचारला, "अगं, इतकी कशी उतरलीस?" तिघींनाही मी म्हटलं, "चालते रोज." ते खोटं नव्हतं, पण पुरं खरंही नव्हतं. घरी येऊन सासूबाईंना हे सांगितलं तर त्या म्हणाल्या, "अजून किती जणांना फसवणार आहेस? लिहून टाक एकदा." म्हणून लिहिते आहे.

माझी उंची पाच फूट एक इंच आणि त्या वेळचं वजन 106 किलो. वय 47. नऊ वर्षांची शुगर, त्यात गेल्या वर्षापासून इन्सुलिन. गुडघे असे, की रामबागेतल्या मावशीच्या घराचा जिना चढायचा म्हणून मी तिलाच खाली बोलवायची. रात्री झोपेत श्वास अडकायचा, त्यासाठी नाकाला मशीन. आता कुणी म्हणेल, इंदूरला राहायचं आणि वरून वजनाची तक्रार करायची! सकाळी पोहे-जिलबी, संध्याकाळी छप्पन दुकान, आणि पाहुणे आले की रात्री दहाला सराफा. पण खरं सांगते, डाएट मी कमी केली नाहीत. बारा किलो उतरवायचे आणि वर्षभरात पंधरा चढवायचे, असं तीनदा झालं. शेवटी डॉक्टरांनी वजन कमी करण्याच्या ऑपरेशनचा विषय काढला.

माझं झालं ते ऑपरेशन म्हणजे स्लीव्ह गॅस्ट्रेक्टॉमी. दुर्बिणीतून जठराचा जवळजवळ पाऊण भाग काढून टाकतात आणि केळ्याएवढी एक नळी ठेवतात. खाणं कमी मावतं, शिवाय भुकेचा निरोप देणारं घ्रेलिन नावाचं संप्रेरक ज्या भागात जास्त तयार होतं तो भागही जातो, त्यामुळे सुरुवातीला भूकही फारशी लागत नाही.

घरात प्रश्न होता सासूबाईंचा. त्यांचं वय 76. त्यांच्या ओळखीत कुणाचं तरी असं ऑपरेशन बिघडलं होतं, आणि टीव्हीवर असलं काही आलं की त्या म्हणायच्या, "पोट कापून कुणी बारीक होतं का? तोंड बंद ठेवायला काय होतं?" ह्यांनी सुचवलं, "आत्ता पित्ताशयाचं आहे म्हणून सांगू. सगळं नीट झालं की मग खरं सांगू." मुलगी पुण्याला शिकते, तिलाही फोनवर तेच पढवलं. पित्ताशय बिचारं निरुपद्रवी वाटलं. प्रत्येक घरात एकाचं तरी काढलेलं असतंच.

संक्रांतीनंतरच्या आठवड्यात ऑपरेशन झालं. पहिलं दुखणं जखमेचं नव्हतंच, खांद्याचं होतं. दुर्बिणीच्या ऑपरेशनसाठी पोटात वायू भरतात, त्यातला थोडा आत राहतो आणि छाती-पोटामधल्या पडद्याला टोचतो. ते दुखणं खांद्यात जाणवतं. नर्सबाई म्हणाल्या, "चाला." सलाईनचा स्टँड ढकलत कॉरिडॉरमध्ये चालले, आणि दोन-तीन दिवसांत ते गेलं.

मग सुरू झालं खाण्याचं बालपण. औषधाच्या छोट्या प्लास्टिकच्या पेल्यातून तीस मिलीलिटर पाणी, तेही घोट घोट करत दहा-पंधरा मिनिटं. पहिले दोन आठवडे फक्त पातळ. गाळलेलं वरणाचं पाणी, ताक, नारळपाणी, गाळलेलं सूप, आणि पाण्यात कालवलेली प्रोटीन पावडर. तिची चव खडू उगाळल्यासारखी लागायची. तिसऱ्या-चौथ्या आठवड्यात मिक्सरमधून काढलेलं. मुगाचं वरण, घोटलेलं दही, नाचणीची पेज, दुधीची भाजी लगदा करून. पाचव्या आठवड्यापासून मऊ. कुस्करलेलं पनीर, गुरगुट्या खिचडीचे चार चमचे, मऊ शिजवलेलं अंडं. प्रत्येक डॉक्टरांचं वेळापत्रक थोडं वेगळं असतं, हे फक्त माझं.

आहारतज्ज्ञ ताईंनी एक वही करायला लावली होती. एका वेळी एकच नवा पदार्थ, तो दोन-तीन दिवस बघायचा, मग पुढचा. दिवसाला साठ ग्रॅम तरी प्रोटीन, म्हणून ताटात आधी पनीर, डाळ, अंडं. भात-पोळी उरलेल्या जागेत. जेवण वीस-पंचवीस मिनिटं चावत चावत. जेवताना पाणी नाही, आणि जेवणानंतर अर्धा तास नाही. त्या म्हणाल्या होत्या, "पोट भरल्याची खूण आता पूर्वीसारखी येणार नाही. तुमची खूण तुम्ही शोधा." माझी खूण म्हणजे उचकी. एक उचकी आली की हात थांबवायचा. एका बाईंना म्हणे नाकातून पाणी येतं.

सासूबाई हे सगळं बघत होत्या. तिसऱ्या आठवड्यात त्यांनी विचारलंच, "शेजारच्या काकूंचं पित्ताशय काढलं तेव्हा त्या आठव्या दिवशी पोळी-भाजी खात होत्या. तुझं कसलं पित्ताशय म्हणायचं हे?" मी म्हटलं, "माझं जरा मोठं होतं, आई." पुढच्या खोलीत ह्यांनी वर्तमानपत्र तोंडावर घेतलं.

सातव्या आठवड्यातल्या एका रविवारी मी पोहे खाल्ले. कुणी सांगितलं नव्हतं, वहीत त्यांची पाळीही आली नव्हती. पण इंदूरकराच्या घरी रविवारी सकाळी वाफेवरच्या पोह्यांवर शेव आणि जीरावन पडलं, की तो वास काही वही बघून येत नाही. तीन चमचे खाल्ले, तेही भराभर. चौथा घशाखाली उतरला आणि छातीच्या मधोमध जणू कुणी मूठ आवळली. तोंडात लाळ दाटून येऊ लागली, फेसासारखी. गिळता येईना, बोलता येईना. बाथरूममध्ये जाऊन बेसिनपाशी उभी राहिले. वीस मिनिटांनी सगळं उलटून पडलं आणि दुखणं एकदम थांबलं.

बाहेर आले तर सासूबाई दाराशी उभ्या. "काय झालं?" मी म्हटलं, "काही नाही, पित्त." पित्त हा शब्द फार सोयीचा निघाला.

पुढे पोळीनं हेच केलं, लग्नातल्या चिकट भातानं हेच केलं, आणि मऊ पावानं तर सगळ्यात जास्त. पाव मऊ म्हणून चालेल असं वाटतं, पण तो आत गेल्यावर गोळा होऊन बसतो. हळूहळू मला हे दुखणं ओळखीचं झालं. ते खाता खाता येतं, छातीच्या मधोमध असतं, लाळ सुटते, आणि अडकलेलं खाली गेलं किंवा वर आलं की संपतं. चूक बहुतेक माझीच असायची. घास मोठा, चावणं कमी, किंवा घाई. एप्रिल संपेपर्यंत पोळीचा पातळ पापुद्रा वरणात भिजवून खाता येऊ लागला. वजन 106 वरून 86 वर आलं, इन्सुलिन बंद झालं. मावशीचा जिना मी एका दमात चढले आणि वर जाऊन तिलाच दम लागल्यासारखं झालं.

मे महिन्यात एका लग्नाहून परत आले, तिथे अर्धी कचोरी खाल्ली होती. रात्री साडेअकराला पोट दुखायला लागलं. हे वेगळं होतं. उजव्या बरगडीखाली सुरू झालं आणि पाठीत, उजव्या खांद्याच्या फऱ्यापर्यंत गेलं. लाळ नाही, अडकल्याची भावना नाही. कुशीवर झाले, बसले, चालले, काही फरक पडेना. दोन तासांनी आपोआप ओसरलं.

मी वहीत काहीच लिहिलं नाही. का? कारण कचोरी लिहावी लागली असती. मला वाटलं, खाल्लंस ना, भोग आता. पुन्हा पंधरा दिवसांनी तसंच झालं, तेव्हाही तोच विचार केला. वजनदार माणसाला ही सवय लहानपणापासून लागते. पोटात काहीही झालं तरी आधी आपल्या ताटाकडेच बघायचं. फोन करून डॉक्टरांना विचारावं असं वाटलं, पण घरात सासूबाई. फोनवर बोलायचं तर "स्लीव्ह" म्हणावं लागणार. शिवाय एक गोळी मी मार्चमध्येच बंद केली होती. पत्र्यावर नाव मोठं होतं, मी समजले आम्लपित्ताची असेल. ती होती पित्तात खडे होऊ नयेत म्हणून, सहा महिने घ्यायची. हे मला नंतर कळलं, कारण मी विचारलंच नव्हतं.

जून आला. वटपौर्णिमा. आमच्या शेजारच्या हिंदी भाषक बायकांची वटसावित्री पंधरा दिवस आधी, अमावस्येला होऊन जाते, त्या आम्हाला दरवर्षी विचारतात, "आप लोगों की अब है क्या?" ऑपरेशननंतर मला उपास करायला मनाई होती. पण सासूबाईंना काय सांगणार? पित्ताशय नसलेली बाई उपास करू शकते. मी दिवसभर ताक आणि पाणी घेऊन राहिले. संध्याकाळी त्यांनी माझ्यासाठी साबुदाण्याची खिचडी केली, भरपूर दाण्याचं कूट आणि साजूक तूप घालून. "किती वाळलीस. चार घास तरी नीट खा," म्हणाल्या. मी पाच चमचे खाल्ले.

रात्री एकच्या सुमारास दुखणं सुरू झालं आणि या वेळी ते थांबेना. हे कामासाठी भोपाळला गेलेले. मी दार लावून उशी चावत बसले होते. कपाटात दुखण्याची गोळी होती, हात तिच्याकडे गेला आणि एवढी एक गोष्ट आठवली की या ऑपरेशननंतर आयबुप्रोफेन, डायक्लोफेनॅक असल्या गोळ्या मनानं घ्यायच्या नाहीत, जठराला व्रण पडू शकतो. ती परत ठेवली. दोनला सासूबाईंनी दार ठोठावलं. माझा चेहरा बघून त्यांनी एक शब्द विचारला नाही. शेजारच्या मुलाला उठवलं, त्याची गाडी काढायला लावली, माझी चप्पल माझ्या पायात घातली. गाडीत त्यांनी माझा हात सोडला नाही.

दवाखान्यात रात्रपाळीचे तरुण डॉक्टर होते. त्यांनी आधी ईसीजी काढला, मग पोट दाबून पाहिलं. "पहले कोई ऑपरेशन हुआ है?"

मी उत्तर द्यायच्या आत सासूबाई म्हणाल्या, "हाँ, जनवरी में। पित्ताशय निकाला है इसका।"

डॉक्टरांनी ते लिहून घेतलं. "फिर गॉलब्लॅडर का तो नहीं हो सकता," असं स्वतःशीच पुटपुटले आणि पुढचं विचारू लागले.

त्या क्षणी मला दुखण्यापेक्षा भीती जास्त वाटली. घरातल्या घरात सांभाळलेलं आमचं एक खोटं आता केसपेपरवर निळ्या शाईत उमटलं होतं, आणि त्याच्यावरून एक माणूस माझ्या पोटाचा विचार करत होता. मी म्हटलं, "आई, पित्ताशय जागेवरच आहे माझं." मग डॉक्टरांना हिंदीत सगळं सांगितलं. ऑपरेशनचं नाव, तारीख, बंद केलेली गोळी, मेमधली दोन दुखणी, कचोरीसकट. डॉक्टरांनी आधीची ओळ खोडली. सासूबाई बाजूच्या स्टुलावर बसल्या होत्या. त्या काही बोलल्या नाहीत, फक्त पदर दोन्ही हातांत धरून बसून राहिल्या.

सकाळी सोनोग्राफी झाली. पित्ताशयात खडे. माझ्या सर्जननी नंतर समजावलं, की वजन झपाट्यानं उतरतं तेव्हा यकृत पित्तात जास्त कोलेस्टेरॉल सोडतं. आणि खाणं कमी, स्निग्ध कमी, म्हणून पित्ताशय नेहमीसारखं रिकामं होत नाही. साठलेल्या पित्तात खडे बनतात. पहिल्या काही महिन्यांत हा धोका जास्त. म्हणूनच ती गोळी होती. ती घेऊनही खडे होऊ शकतात, पण शक्यता बरीच कमी होते. आणि तुपाची खिचडी पोटात गेल्यावर पित्ताशय जोरानं आवळतं, खडा तोंडाशी अडकतो, की सुरू होतं ते रात्रीचं दुखणं. ते म्हणाले, "पहिल्या दुखण्याला फोन का नाही केला?" याचं उत्तर माझ्याकडे होतं, पण देण्यासारखं नव्हतं.

दोन दिवसांनी दुसरं ऑपरेशन झालं. पित्ताशय निघालं. खडे बाटलीत घालून दिले, मोहरीपेक्षा थोडे मोठे. सासूबाईंनी ती बाटली उजेडात धरून बराच वेळ पाहिली आणि म्हणाल्या, "आता मात्र खरोखर काढलं ना? दाखवलंय म्हणून विश्वास ठेवते."

घरी आल्यावर चार दिवस त्या माझ्याशी कामापुरतंच बोलल्या. पाचव्या दिवशी दुपारी माझ्या खोलीत आल्या. "मी नको म्हणाले असते, हे खरं आहे," त्या म्हणाल्या. "भांडलेही असते. पण भांडून झाल्यावर तुला उपास तरी करू दिला नसता ना गं? तूप तरी नसतं घातलं. मी माझ्या हातानं तुला..." पुढचं त्यांना बोलता आलं नाही. मलाही नाही.

मग डोळे पुसून म्हणाल्या, "ती वही कुठे आहे? मला वाचून दाखव."

तेव्हापासून वही त्यांच्याकडे आहे. मी पहिल्या पानापासून सगळं सांगितलं. काय चालतं, काय अडकतं, उचकी म्हणजे काय. त्यांनी मधे एक रेघ मारून दोन रकाने केले: "खाताना दुखलं" आणि "नंतर दुखलं". मला पाच महिन्यांत जे सुचलं नाही ते त्यांनी पट्टी न घेता केलं. पहिल्या रकान्यातलं बहुतेक घरी सुधारता येतं. दुसऱ्यातलं असेल तर फोन. आणि सर्जननी सांगितलेली तिसरी गोष्ट त्यांनी वहीच्या पुठ्ठ्यावर मोठ्या अक्षरांत लिहिली आहे: ताप, धडधड, न थांबणारं दुखणं, सारख्या उलट्या, पाणीसुद्धा न टिकणं, यातलं काहीही असेल तर वही बंद आणि थेट दवाखाना. ऑपरेशननंतरच्या पहिल्या आठवड्यांत तर एक तासही वाट बघायची नाही. खाली माझ्या रोजच्या गोळ्या, बी-12, लोह, कॅल्शियम, ड जीवनसत्त्व, आणि पुढे कंसात "जन्मभर". कुठली गोळी कशासाठी, हेही लिहिलंय.

ग्वाल्हेरच्या आत्यांना दुसऱ्या ऑपरेशनचं कळलं तेव्हा त्यांचा फोन आला. मी बाजूलाच होते. पलीकडून खणखणीत आवाज आला, "अगं पण पित्ताशय दोनदा कसं काढतात?" सासूबाईंनी माझ्याकडे पाहिलं. मी मान हलवली. मग त्यांनी खुर्ची ओढून घेतली आणि पहिल्यापासून सांगायला सुरुवात केली, पाऊण तास. शेवटी म्हणाल्या, "सोपं नाही हो ते, वन्सं. तीस मिलीलिटर पाणी प्यायला पाव तास लागतो. तुम्ही पिऊन बघा."

आज माझं वजन 74 आहे. अजून कधी कधी भात अडकतो. पाव मी सोडूनच दिला आहे. कुणी हे ऑपरेशन करावं की करू नये, हे सांगायला मी डॉक्टर नाही. पण केलं असेल, तर घरात ज्यांच्या हातचं तुम्ही जेवता त्यांना ते माहीत असू द्या. आणि पोटात दुखलं, तर आपण काय खाल्लं याची लाज वाटायच्या आधी कुठे दुखतंय, केव्हापासून, ते कुणाला तरी सांगा.

परवा रविवारी पोहे केले होते. सासूबाईंनी कपाटातून मुलीच्या उष्टावणाची चांदीची वाटी काढली, माझी आता तीच वाटी आहे. तिच्यात पोहे, थोडं दही कालवून ओलसर केलेले, वर शेव मात्र चिमूटभर. जीरावन त्यांनी स्वतः भुरभुरलं. पाचव्या चमच्याला उचकी आली. वाटीत दोन चमचे राहिले होते. तीस वर्षं झाली असतील, या घरात कुणी "पुरे" म्हटलं की "अगं, एवढंच?" म्हणून आणखी एक डाव पडतोच. त्यांनी वाटीकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं.

"पुरे?"

"पुरे."

त्यांनी वाटी उचलली आणि उरलेले दोन चमचे स्वतः खाऊन टाकले.